देवाच्या ज्वारीतला भुंगा

त्या बाईला मी एकदाच पाहिलं, पण तिच्यामुळे आमच्या चर्चच्या पंचांवर आलेला राग अजून उतरलेला नाही.

नामांतराच्या दंगलीचे दिवस होते. घरं जाळली गेलेली माणसं लेकराबाळांसह पूर्णा स्टेशनवर बसून होती. आणि हंगामाच्या सणाला लोकांनी देवापुढे वाहिलेली ज्वारी आमच्या चर्चच्या खोलीत कुलपात होती. भाव चढला की विकायची, असं पंचांचं ठरलेलं. त्या रविवारी पाळकांनी कोठारं वाढवायचा बेत करत बसलेल्या आणि त्याच रात्री मेलेल्या श्रीमंताचा बायबलमधला दाखला सांगितला. पंच माना डोलवत होते.

उपासना सुटल्यावर ही बाई खोलीच्या दाराशी जाऊन बसली. वालूरकडची होती, त्या पोत्यांत तिचीही ज्वारी होती.

"स्टेशनात लेकरं उपाशी हायत. दार उघडा," एवढंच म्हणाली.

"उद्या आपल्यावर वेळ आली तर?" थोरले पंच म्हणाले.

ती हलेना. शेवटी पाळकांनी किल्ली मागून घेतली. पोतं सोडलं तर ज्वारी भुंग्यानं पोखरलेली. बाईनं पदर खोचला, सूप मागवलं आणि अंगणातच पाखडायला बसली. किडक्या दाण्यांचं पीठ उडून पंचांच्या पांढऱ्या शर्टांवर बसत होतं.

मान वर न करता ती म्हणाली, "देवाची म्हणून भुंगा सोडत न्हाई, साहेब. आमी वाटायला दिली व्हती, राखायला न्हाई."

निवडलेली ज्वारी डोक्यावर घेऊन ती स्टेशनकडे चालू लागली. पंच शर्ट झटकत उभे राहिले.

पुढच्या हंगामाची ज्वारी पुन्हा त्याच खोलीत गेली. या वेळी पंचांनी भुंग्याचं औषध आणलं होतं.