शेवंताआक्काचं एक पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सरांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण बेळगावात नाहीतर निपाणीत माझं व्याख्यान तुम्ही कधीतरी ऐकलं असेल — आणि मान डोलावली असेल. त्या व्याख्यानातली एक गोष्ट खोटी आहे. बाकी सगळं खरं.

आधी काम सांगतो. त्याबद्दल माझी आजही खात्री आहे. बेंगळूरला मानसशास्त्र शिकून मी बेळगावच्या एका दवाखान्यात लागलो, आणीबाणी उठली त्या सुमारास. कॅन्सरच्या वॉर्डात पेशंटांशी बोलायचं, आणि बोलण्यानं त्यांची भीती उतरते का ते मोजायचं, एवढंच माझं काम. ‘गप्पांचे डॉक्टर आले, खुर्ची द्या,’ असं नर्सबाई म्हणायच्या. मीही हसायचो. तेव्हा आमच्या भागात पेशंटला रोगाचं नाव कुणी सांगत नसे. नातेवाईक डॉक्टरांना दाराबाहेर गाठायचे आणि आत येऊन ‘गाठ हाय, जाईल,’ एवढंच बोलायचे. माझं म्हणणं उलटं होतं — शेजारी बसून, धीरानं खरं सांगितलं, तर माणूस कमी भितो. तेच मला दाखवून द्यायचं होतं.

पण भीती मोजायची कशी? प्रश्नावली इंग्रजीतली, तिचं भाषांतर कन्नडमध्ये, आणि वॉर्डात बऱ्याच बायका निपाणीकडच्या, विड्या वळणाऱ्या. मराठी बोलणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या. ‘भीती थोडी, मध्यम, का फार?’ विचारलं की म्हणायच्या, ‘तुमीच ल्ह्या की काय ल्ह्यायचं ते.’ मग मी विडीला लागतात ती तेंदूची पानं घेऊन आलो. त्यांची बोटं जन्मभर त्यांतच वावरलेली. भीती नसेल तर पान ठेवू नका, फार असेल तर पाच ठेवा. आणि त्या अगदी नेमकं ठेवायच्या — विचार करून, एखादं परत उचलून. ही पद्धत पुढं माझ्या नावानं ओळखली जाऊ लागली.

शेवंताआक्का त्यांतलीच एक. चाळिशीची, विधवा, गालाच्या आत कॅन्सर. बारा वर्षांची एक मुलगी, कमल. पहिल्या दिवशी आक्कानं पाचही पानं ठेवली आणि म्हणाली, ‘आनकी असली तर द्या.’

तिला खरं सांगायचा दिवस ठरला. सकाळी तिचा भाऊ दाराशी उभा. ‘सायेब, तिला सांगू नगासा. हाय खाईल ती.’ ते माझ्यावर सोपवा, असं मी त्याला ठणकावून सांगितलं आणि आत गेलो. म्हणजे पुढं जे झालं ते त्याच्यावर ढकलता येत नाही.

मी तोंड उघडायच्या आधी तिनंच विचारलं. ‘सायेब, मी वाचनार का न्हाय, तेवढं सांगा. वाचनार नसंन तर कमलला सांबऱ्याला भनीकडं धाडतो. ती शाळंत घालती म्हंतीया. वाचनार असंन तर पोर जवळ ऱ्हाऊ दे. तिच्याबिगर करमत न्हाय मला.’

इतका सरळ प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला असेल? आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं डॉक्टर मला सांगून गेले होते. ते कसं सांगायचं, ते वाक्य मी घोकून आलो होतो. ती माझ्याकडं बघत राहिली — आणि मी म्हणालो, ‘बऱ्या व्हाल, आक्का. पोरीला जवळच ठेवा.’

का? तिचा चेहरा उतरलेला मला बघायचा नव्हता. दुसरं कारण वर्षानुवर्षं शोधलं. सापडलं नाही.

तिनं एक पान ठेवलं. तेही उचलायला गेली, मग राहू दिलं. ‘एक असू दे. अगदीच मोकळं बरं दिसत न्हाय,’ म्हणाली आणि हसली — तोंड नीट उघडत नव्हतं तरी.

माझ्या कागदावर एक रकाना होता: रोगाची पूर्ण माहिती दिली — होय, नाही. मी ‘होय’वर खूण केली. पाचावरून एकदम एकावर दुसरं कुणीच आलं नव्हतं. बाकीच्यांना मी खरं सांगितलं होतं, आणि त्यांची भीती खरोखर उतरली होती — हळूहळू, एकेक पान. तेवढं पुरेसं होतं. तरी शोधनिबंधात मी पुढं केली ती शेवंताआक्का, आणि व्याख्यानांतही तीच. खरं ऐकून पाच पानांचं एक करणारी बाई. ऐकणारे डोळे पुसायचे. मी थांबून त्यांना पुसू द्यायचो.

आक्का उन्हाळ्याआधीच गेली.

गेल्या वर्षी निपाणीत विडी कामगार बायकांपुढं बोललो. नाव न घेता तीच गोष्ट सांगितली. संपल्यावर एक बाई पुढं आली. बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी झालेली.

‘वळाखलं न्हाय न्हवं? शेवंताची कमल मी. ती पाच पानांची बाई म्हंजी आमची आईच की. पानांचं तिनंच सांगितलं हुतं मला.’

मी ‘होय’ अशी मान हलवली.

‘मावशी मला न्यायाला आलती. आई म्हनली, मी बरी हुतोय, पोरीला न्हेऊ नगं. शाळा सुटली ती सुटलीच. आई गेल्यावर मामानं पानं कापायला बसवलं. मला वाटायचं, आपुन जगत न्हाय हे तिला कुटं ठावं हुतं. म्हंजी समदं ठावं असून ठेवून घेतलं व्हय तिनं मला?’

तिथं मी बोलू शकलो असतो. एका वाक्याचं तर काम होतं. संयोजक हार घेऊन शेजारी उभे होते. मी मान खाली घातली आणि हार घालून घेतला. कमल निघून गेली.

तिचं घर मी विचारून ठेवलंय. बसनं जायचं तर अर्धा दिवससुद्धा लागत नाही. हे छापून येईल, पण तिच्या हाती पडेलच असं नाही, आणि पडलं तरी तेवढ्यानं भागत नाही. तिच्या दारात उभं राहून मला सांगायचं आहे: तुझ्या आईला माहीत नव्हतं. तिनं विचारलं होतं, आणि मी खोटं सांगितलं.

एवढं मी कमलचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.