धुऱ्यावरची बाभूळ

खुशालराव आमचे शेजारी. अमरावतीला मुलाकडे राहायला आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा माणूस, देवळात जाईल, चार लोकांत बसेल. कुठलं काय! वरच्या खोलीत दोन दिवाण जोडून त्यांनी चक्क गाव मांडायला घेतलं. सोनगव्हाण हे त्यांचं गाव नदीकाठचं, धरणाच्या पाण्यात गेलेलं. ते होतं तसं पुन्हा उभं करायचं, एका इंचाला आठ फूट, म्हणजे एका सुताला एक फूट, या मापाने.

त्या मापात माणूस शेंगदाण्याएवढा आणि बैल चिंचोक्याएवढा. छपराचे मातीचे कवेलू सुईवर वळून ते तव्यावर भाजायचे. वावरासाठी काळी माती वस्त्रगाळ करायचे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मुळ्यांना रंगवलेला भुसा चिकटवून झाडं करायचे. मारुतीच्या देवळाची पायरी ज्वारीच्या दाण्याएवढी उंच झाली म्हणून एकदा सबंध देऊळ मोडलं.

"अहो, कोण मोजायला येणार आहे?" मी वैतागून म्हटलं.

"मी हाय ना," ते म्हणाले.

यापुढे बोलणार काय, कपाळ! पण एवढा खटाटोप ज्याच्यासाठी चालला होता तो एकच माणूस होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांचा धाकटा भाऊ जानराव अकोल्याला राहायचा आणि दोघांत बोलणं नव्हतं. भांडण धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, एका बाभळीचं. दोघांच्या वावरांमधली ती बाभूळ प्रत्येकाला आपल्या बाजूची वाटे. शेवटी मोजणी झाली, झाड खुशालरावांच्या हद्दीत निघालं आणि जानरावाने त्यांच्या घरचं पाणी सोडलं. पुढे वावर बुडालं, बाभूळ बुडाली, भांडण तेवढं पाण्यावर तरंगत राहिलं. वऱ्हाडातला भाऊबंदकीचा ताठा पाण्याने भिजत नाही.

"गाव पाह्याले तरी येईन थो," खुशालराव म्हणायचे. "मायं तोंड नाई पाह्याचं त नको पाहू म्हना. घर तं पाहीन."

मुलाने, गोपालने, फोटो गावकऱ्यांच्या ग्रुपवर टाकले आणि मग गावाची माणसं यायला लागली. तिवस्याहून, अचलपूरहून, कुठून कुठून. बाया आपापलं घर शोधायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. खुशालराव प्रत्येक गाडीच्या आवाजाला खिडकीशी जायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. अहो, फोन उचला आणि बोलवा की! पण नाही.

दिवाळीनंतर जानराव खरंच आला. बायको आशाबाईला घेऊन, काठी टेकत. पोटाच्या दुखण्याने पार खंगला होता. खुशालराव जागचे हलले नाहीत. मी चहा घेऊन वर गेले होते, ती तिथेच थबकले.

जानराव वाकून पाहू लागला. विहीर, पार, शाळा. आईच्या चुलीचा धूर जायला कवेलूंत ठेवलेलं भोक पाहून तो हसला. "दादा, हे बी ध्यानात हाय तुह्या?"

इतक्या वर्षांनी दादा म्हटलं! मला वाटलं, जिंकलं म्हाताऱ्याने. दोघं जोडीने गावातून वावराकडे निघाले, बोटानेच. आणि जानरावाचं बोट धुऱ्यापाशी थांबलं.

"बाभूळ तुह्याच बाजूनं लावली."

"होती तिथंच लावली. मोजून."

"जराशीक सरकव ना इकडे."

अर्ध्या बोटाचाही मामला नव्हता. पऱ्हाटीची एक काडी उपटायची आणि शेजारी खोवायची. मी मनातल्या मनात म्हटलं, सरकवा हो, देवाची शपथ आहे.

"जान्या, माप खोटं नाई करत मी," खुशालराव म्हणाले. "एक झाड हाललं त मंग सारं गावच खोटं."

जानरावाने मान हलवली. चहा तसाच ठेवून तो खाली उतरला. खुशालराव बाभळीवरची नसलेली धूळ फुंकत बसले. त्या वेळी त्यांना थप्पड मारावी असं मला वाटलं, आणि हे मी आजही लपवत नाही.

संक्रांतीच्या आत जानराव गेला. मयतीला खुशालराव गेले, पण तिथून लगेच परतले. पुढे आशाबाईकडे बसायला जायचं होतं तर एकट्याने जाववेना, म्हणून गोपालने मलाही गाडीत घेतलं.

अकोल्याच्या त्या घरात आम्ही सतरंजीवर बसलो. भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलायचं नाही ही त्यांच्यातली जुनी रीत. आशाबाईने पदर पुढे ओढला, खुशालरावांकडे पाठ केली आणि माझ्याशी बोलू लागली. ते हातभर अंतरावर बसले होते.

"बाई, त्यायले सांगा. बाभूळ तिथंच होती, हे आमच्या यायले मालूम होतं. त्या दिवशी वापस येताना गाडीतच म्हनलं, दादानं बरोबर लावलं. मी म्हनलं, मंग तुमी काहून म्हनलं सरकव म्हनून? त म्हने, आता ना वावर राह्यलं ना झाड. म्या म्हनल्यावर एक डाव सरकवते का नाई, तेवढंच पाह्याचं होतं."

मग खुशालरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय म्हनते ती?"

त्यांना सगळं ऐकू आलं होतं. पण रीत ती रीत, निरोप माझ्या तोंडूनच जायचा होता. मी तो त्यांना शब्द न् शब्द सांगितला.

त्यांनी सतरंजीवर दोन बोटांत एवढंसं अंतर धरलं.

"तीन सूत सरकवाची होती, बाई," ते म्हणाले. "फकत तीन सूत."