खात्री होईपर्यंत

४ मार्च. सलाईन लावायच्या खोलीत तीन जीव: पहारेकरी, त्याची बायको आणि सिस्टर.

पहारेकरी एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर कित्येक वर्षे उभा होता. अलीकडे त्याच्या बोटांचे सांधे सुजले आणि कुलपात किल्ली फिरवणेही अवघड झाले. गोळ्यांनी भागले नाही, तेव्हा डॉक्टरांनी शिरेतून द्यायचे औषध सुचवले. "तुमच्या शरीरातले पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवताहेत," ते म्हणाले. "हे औषध त्यांना आवरतं." आपल्या पेशाचा असा दाखला त्याला रुचला नाही, पण हात वाचवायचे होते.

सुई टोचून झाल्यावर सिस्टरने बजावले, "काका, खाज, थंडी, छातीत दडपण, काहीही वाटलं तरी बेल दाबा. वाट बघू नका." त्याने मान डोलावली. ती शेजारच्या खोलीत गेली.

सूचना समजणे आणि ती अंगवळणी पडणे यांच्यामध्ये त्याची सारी नोकरी आडवी पडली होती. मागच्या भिंतीपाशी खुडबुड ऐकून त्याने एकदा भोंगा वाजवला होता. निघाले मांजर. झोपमोड झालेल्या रहिवाशांसमोर इमारतीच्या चिटणीसांनी त्याला हात जोडून माफी मागायला लावली. तेव्हापासून खात्री झाल्याशिवाय आवाज करायचा नाही, हा त्याचा नियम झाला आणि तोच त्याचा लौकिकही. राखण करणाऱ्याने जागे असावे, अशी समाजाची अपेक्षा असते. मात्र ती जाग कोणाला ऐकू येता कामा नये.

अर्धे औषध गेले आणि मान खाजू लागली. मग घसा दाटला.

"अहो, कान लालबुंद झालेत तुमचे," बायको म्हणाली.

"उकडतंय."

"डोक्यावर पंखा गरगरतोय आणि उकडतंय?"

"थांब गं. जरा खात्री होऊ दे."

"कसली? मी विधवा झाल्याची?" तिने त्याच्या अंगावरून हात लांबवून बेल दाबली.

सिस्टर धावत आली. सलाईन बंद झाले, इंजेक्शन दिले गेले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. हळूहळू त्याचा श्वास मोकळा झाला.

"काका, बेल काय शोभेला दिली होती?"

"मांजर असेल म्हणून हे थांबले होते," बायकोने परस्पर खुलासा केला. सिस्टरला तो कळला नाही. पहारेकरी मात्र मास्कआड हसला, आणि हसता येते आहे याचेच त्याला नवल वाटले.

ते औषध त्याला पुन्हा द्यायचे नाही, दुसरे पाहायचे, असे डॉक्टरांनी ठरवले. मात्र जेवढे अंगात गेले होते, तेवढ्यानेही जंतुसंसर्गाचा धोका काही काळ राहणार होता. ताप आल्यास लगेच कळवायचे होते. पुढच्या आठवड्यात त्याला कणकण वाटली. बायको काही बोलण्याआधीच त्याने फोन लावला. तपासणीत साधी सर्दी निघाली. ओशाळून तो माफी मागू लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, कळवलंत ते बरंच केलंत."

हे वाक्य त्याला आयुष्यात प्रथमच मिळाले. मांजराच्या वेळी त्याच्याकडून वदवून घेतलेली माफी इमारतीने अद्याप परत केलेली नाही.