भाऊजींचं मोठं इंजिन

आमचे मिस्त्री म्हणजे माझे यजमान. पंपाच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं गुंडाळून द्यायचा त्यांचा धंदा. पुढच्या खोलीला शटर, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि वॉर्निशचा वास. मागे आमच्या दोन खोल्या आणि एक लहानसं अंगण. या माणसाला घाई सोसत नाही. मोटर गुंडाळून झाली तरी दिवसभर ती रिकामी फिरवणार, हात लावून बघणार, कान लावून ऐकणार. घरात पाणी नाही म्हणून गिऱ्हाईक रडकुंडीला आलं तरी उत्तर एकच, "दमानं घ्या." माझ्याशी लग्न करायचं की नाही यावरसुद्धा त्यांनी इतका विचार केला, की माझे वडील मला म्हणाले, "हा हो म्हणेपर्यंत तू म्हातारी होशील."

त्यांचा धाकटा भाऊ याच्या अगदी उलटा. भाऊजी जेवायला बसले की उठायच्या तयारीतच बसायचे. मी या घरात आले तेव्हा ते कुठलाही जिना एका दमात चढत होते. मग पाय जड पडायला लागले. डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला, पायांकडून वर चढत जाणारा, औषध नसलेला. आधी काठी आली, मग चाकांची खुर्ची, मग डावा हात गेला. "आता उजव्या हाताची बोटं आणि जीभ, एवढंच चालू आहे," असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

"त्यातही जीभच जास्त," मी म्हणायचे, आणि ते खूश व्हायचे.

त्यांचा जीव होता एका ट्रकवर. हातभर लांबीचा, रिमोटवर चालणारा, पण त्यात खरंखुरं इंजिन. नायट्रोचं इंधन पिणारं, एरंडेलाच्या वासाचा धूर सोडणारं, लिंबाएवढं इंजिन. त्याला खेळणं म्हटलं की भाऊजी दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत. मिस्त्रींनी रिमोट खुर्चीच्या हाताला पक्का बसवून दिला होता. वेगाचा खटका भाऊजी उजव्या हाताच्या बोटानं ओढायचे, आणि वळवायचं चाक फिरवायला दुसरा हात नव्हता म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रविवारी लाकडाच्या बंद वखारीमागच्या मैदानात आमची वरात निघायची. "वहिनी, डावीकडे! अहो, तुमची डावी बाजू असते तरी कुठे?" असं ते चारचौघांत ओरडायचे आणि मी तितक्याच जोरात उत्तर द्यायचे.

मैदानावर एक सलूनवाला यायचा. त्याचा निळा ट्रक मोठ्या इंजिनाचा. दर वेळी तो आमच्या पुढे जायचा आणि वर म्हणायचा, "काय वहिनी, बैल लावलेत का ट्रकला?" एका रविवारी घरी येऊन दारात खुर्ची थांबवली तसे भाऊजी म्हणाले, "दादा, मोठं इंजिन बसव. एकदा त्याच्या पुढे जायचंय मला. एकदाच. पण माझ्या बोटानं."

मिस्त्री नुसते हूं म्हणाले. पण कुठल्याशा बंद पडत चाललेल्या दुकानातून त्यांनी पेरूएवढं इंजिन मिळवून आणलं आणि कामाला लागले. त्यांच्या कामाला लागण्याची गंमत सांगते. मोठं इंजिन जुन्या ठोकळ्यांवर बसेना, म्हणून नवे ठोकळे कानशीनं घासून केले. एक केसभर कमी झाला, म्हणून टाकून दिला आणि पुन्हा केला. इंजिनाचं जड चाक खालच्या पत्र्याला घासत होतं, म्हणून पत्र्यात खाच पाडायची होती, तर ती कुठे पाडायची यावर दोन्ही भावांची रोज खडाजंगी. मग दातेरी चाकं जुळवायची. मध्ये कागदाची पट्टी धरून चाकं एकमेकांना भिडवायची आणि पट्टी ओढून काढायची, की उरते ती फट बरोबर. त्यासाठी भाऊजींनी डॉक्टरांची चिठ्ठी फाडायला लावली. "काहीतरी उपयोग होऊ दे त्या माणसाचा," म्हणाले. मी हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

इंजिन बसलं आणि भाऊजी म्हणाले, "चला मैदानावर." मिस्त्री म्हणाले, "छे! नवं इंजिन आहे, आधी मोकळं व्हायला पाहिजे." म्हणजे अंगणात ट्रक विटांवर ठेवायचा, चाकं अधांतरी, आणि जास्त तेलाच्या, धूर सोडणाऱ्या मंद चालीवर एक टाकी जाळायची. मग इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. मग पुढची टाकी. त्यातही यांना मनासारखा वेळ हवा, गिऱ्हाईक नको, वारा नको. एक टाकी झाली की पुढची कधी, ते हेच जाणोत. भाऊजी खिडकीशी बसून विचारायचे, "झालं का?" आणि अंगणातून उत्तर यायचं, "दमानं घे."

मला मात्र दुसरंच दिसत होतं. भाऊजी टीव्हीचा रिमोट मागेनासे झाले. "लावा तुम्हीच काहीतरी," म्हणायला लागले. माशी बसली तरी बोट हलायचं नाही. मी मिस्त्रींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "अहो, बोट निकामी होत चाललंय त्यांचं. जसा आहे तसा द्या ट्रक."

"पिस्टन बसला नाही अजून. आत्ता ताण दिला तर इंजिन कायमचं जाईल."

"खड्ड्यात गेलं तुमचं इंजिन!"

ते ट्रकपाशी जाऊन बसले आणि पुसलेलं इंजिन पुन्हा पुसायला लागले. तेव्हा मला कळलं की हा माणूस इंजिनाला भीत नाही. काम बाकी आहे तोवर भाऊ वाट बघेल, आणि वाट बघायची आहे तोवर त्याला काही होणार नाही, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं. फार राग आला मला. तितकीच कीवही आली. पण त्यांच्या हातातून ट्रक ओढून घेण्याइतकी हिंमत कुणात होती?

शेवटी एकदाचं इंजिन मोकळं झालं. रविवारी आम्ही मैदानावर गेलो. सलूनवाल्यानं नवं इंजिन वाकून बघितलं आणि आपला निळा ट्रक शेजारी आणून लावला. मिस्त्रींनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. असा खणखणीत आवाज त्या मैदानानं ऐकला नसेल. मी चाक धरलं, मिस्त्रींनी भाऊजींचं बोट खटक्यात अडकवून दिलं, आणि सलूनवाला म्हणाला, "सोडा!"

निळा ट्रक सुटला. आमचा तिथेच, जागच्या जागी थरथरत धूर सोडत राहिला. भाऊजींच्या मानेची शीर फुगली. ओठ दाताखाली गेला. बोट काही हललं नाही.

मिस्त्री वाकून रिमोट तपासायला लागले. "बॅटरी असेल. नाहीतर तार—"

"दादा, राहू दे," भाऊजी म्हणाले. "तार नाही ती."

सलूनवाल्यानं अर्ध्या वाटेत ट्रक थांबवला. तो जवळ आला आणि खुर्चीशेजारी उभा राहिला. "मी चालवू का तुझ्यासाठी?" मिस्त्रींनी विचारलं. भाऊजी म्हणाले, "नको. घरी चल." वाटभर मिस्त्री खुर्ची ढकलत होते आणि मी ट्रक कडेवर घेऊन मागून चालत होते. इंजिन अजून गरम होतं, माझ्या कमरेला चटका बसत होता, तरी मी कड बदलली नाही.

घरी आल्यावर मिस्त्रींनी जेवणाला हात लावला नाही. दुपारभर रिमोट खोलून बसले. खटक्याची स्प्रिंग काढून टाकली, तिच्या जागी बारीक तारेची मऊ स्प्रिंग वळून बसवली. माझी नुसती फुंकर पुरली असती, इतका तो खटका हलका केला. उन्हं उतरली तशी त्यांनी भाऊजींना खिडकीलगतच्या पलंगावर उशीला टेकवून बसवलं, रिमोट हाताखाली दिला, बोट खटक्यात ठेवलं आणि स्वतः अंगणात जाऊन ट्रक विटांवर चढवला. पलंगावरून भाऊजींना फक्त समोरची भिंत दिसायची. खालचं अंगण दिसायचं ते मला, खिडकीशी उभं राहून.

इंजिन सुरू झालं. "ओढ रे!" मिस्त्री ओरडले.

माझी नजर बोटावर होती. ते हललं नाही. पण बाहेर इंजिनाचा आवाज चढला, खाली आला, पुन्हा चढला.

मी खिडकीतून बघितलं. मिस्त्री ट्रकपाशी उकिडवे बसले होते. रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी ट्रकमधली बारीक दांडी त्यांनी इंजिनापासून सोडवून ठेवली होती आणि स्वतःच्या बोटानं ते इंजिनाला वेग देत होते. चाकं हवेत गरगरत होती. अधांतरी चाकांवर इंजिन असं भरधाव पळवलं तर ते मरतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"जमतंय का?" बाहेरून आवाज आला.

"जमतंय, दादा!" भाऊजी ओरडले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, तेवढं माझं बोट काढा हो खटक्यातून. हात अवघडलाय."

मी बोट सोडवलं. रिमोट बाजूला ठेवला. बाहेर इंजिन वरच्या पट्टीत किंचाळत होतं. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायला त्यांच्याकडे हात नव्हता, आणि माझ्याच्यानं माझा उचलवेना.

"त्याला सांगू नका," ते म्हणाले.

"अजून ओढतोस का रे?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांचा आवाज फाटला होता.

"हो दादा! पूर्ण ओढतोय बघ आता!"

आणि बाहेर मिस्त्रींनी पूर्ण वेग दिला. टाकी संपेपर्यंत मी भाऊजींचा हात हातात घेऊन बसले होते.