सव्वा मूठ गहू, मुलींच्या नावाचे

आई आज सकाळी गेली. कृपया तिला 'देवभोळी' म्हणून श्रद्धांजली वाहू नका.

मी समाजशास्त्राची शिक्षिका. थोडं समजावून सांगते.

नव्वदच्या दशकात, सुरतेत, उधन्याच्या आमच्या खोलीत मी एम.ए.चा अभ्यास करत होते. वहीत विधींचे तीन रकाने: आयुष्याच्या टप्प्यांचे, ऋतुचक्राचे, संकट टळावं म्हणून केलेले. कारखान्यातली दसऱ्याची मशीनपूजा, शाळेतलं झेंडावंदन, सगळं बसवून पाहायचे. फार आनंदाचं काम!

आमच्या खानदेशी घरांत श्रावणात बसवतात ती कानबाई देवी दुसऱ्या रकान्यात. सिस्टीम परफेक्ट.

आता नीट पाहा. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मुठीने घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ.

बाबा त्याच वर्षी वारले होते. मागे आई आणि आम्ही दोघी बहिणी.

म्हणजे आमच्या घराच्या मुठी: शून्य.

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, यांनी आपल्या आणि मुलांच्या मुठी परातीत टाकल्या. मग आई उठली. कारखान्यात धाग्याच्या बॉबिन भरून सोललेल्या हातांनी तिने तीन नावं घेत मुठी टाकल्या. स्वतःचं, माझं, धाकटीचं.

"पोरीस्ना रोट ऱ्हास का कोठे?" मोठे बाबा म्हणाले.

"पोरीस्ले भूक लागस ना, दादा. मंग रोट बी ऱ्हास."

"कानबाई कोपी जाई."

"कोपू द्या. बाईच शे ती. मी समजाडसू तिले."

मोठे बाबा उठून गेले. पुन्हा आमच्या दारी आले नाहीत.

आईने खोलीतच कानबाई बसवली. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, आणि उरवायचाही नसतो. तिघींनी दोन दिवस खाऊन तो संपवला.

धाकटी म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी माझी मूठ छोटी घे."

"नही. पुरी सव्वा."

मी वहीत चौथा रकाना आखला: यात कोणाला मोजतात?

विधी पारंपरिक असो वा आधुनिक, माझ्या वर्गात आजही हाच प्रश्न आधी विचारला जातो. तो कुठल्याही पुस्तकातून आलेला नाही.

सकाळपासून नातेवाइकांचे फोन. "अग्नी द्यायला भाऊबंदातला एखादा मुलगा बोलवा."

अग्नी आम्ही दोघींनी दिला. परवानगी मागितली नाही.

जा आई, सुखाने जा.