माझ्याविना रंगलेला हळदीचा तास

मंडळी, आज माझ्याच वर्गाने मला गप्प बसवलं आणि मी अजून हसतेय.

दर शनिवारी मी पुण्यातून परभणीकडच्या एका खेड्यातल्या सातवीला ऑनलाइन विज्ञान शिकवते. आज हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकायचं होतं. ऐन वेळी नेट गेलं. तास वाया गेला म्हणून मी चडफडत बसले.

दहा मिनिटांनी चित्र आलं, तर सगळ्यांची माझ्याकडे पाठ. मधोमध राधा, हातात आजोबांची चुन्याची डबी. साबण सापडला नाही म्हणून तिने चुना लावला होता. कागद लालभडक.

"राधा, मी आले."

"मॅडम, जरा थांबा. आमी आता ओली राख लावून बघायलोत."

मी मुकाट्याने हात वर केला.

तुम्हाला कुणी असं आनंदाने मागच्या बाकावर बसवलंय का?