ट्रॉलीवरचा जंतू

इस्पितळाच्या तळघरातल्या लॅबमध्ये तिला सगळे परेडबाई म्हणत. नाव कुणी पाडलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण पाडलं होतं चपखल. रुग्णाच्या रक्तात, लघवीत, पुवात कोणता जंतू दडलाय ते शोधणं तिचं काम. सत्तावीस वर्षं ती ते ओळखपरेडीसारखं करत आली होती; संशयितांना रांगेत उभं करायचं आणि एकेकाला वगळत जायचं. "जंतू असला म्हणून काय झालं? नाव-गाव-कूळ सांगितल्याशिवाय माझ्या टेबलावरून हलायचं नाही," असं ती नव्या मुलींना सांगायची. रिपोर्टची घाई करणाऱ्या डॉक्टरांना फोनवर ऐकवायची, "वाढायला वेळ लागतो हो त्याला. फुंकर मारून वाढवू का?"

तिचा दादा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानाच्या पायरीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. वहिनी दुसरीकडे न्यायचं म्हणत होती. परेडबाईनेच हट्ट धरला, "माझ्या इस्पितळात आणा. नजरेखाली राहील."

ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी दादा उठून बसला आणि तिला म्हणाला, "तुझ्या घड्याळाचा पट्टा किती मळलाय बघ. जंतू शोधतेस ना तू?" पाचव्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. जखमेतून पाणी यायला लागलं.

त्या पाण्याचा नमुना खाली आला तेव्हा तिने त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. स्लाइड रंगवून तिने मायक्रोस्कोपखाली धरली. गुलाबी, आखूड, गुबगुबीत काड्या, जोडीजोडीने. जांभळ्या नाहीत, म्हणजे अर्धे संशयित तिथेच बाद. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटवर फिकट, ओलसर ठिपके उठले. एक ठिपका तिने चाचणीच्या कागदावर घासला आणि कागद निळा होण्याची वाट बघितली. झाला नाही; आणखी काही संशयित बाद. तीन साखरांच्या नळीत टोचला, तर तिसऱ्या दिवशी सकाळी नळी होती तशीच लाल. साखरेला त्याने तोंड लावलं नव्हतं. थेंबात ठेवून पाहिला, तर जागचा हलत नव्हता.

कोण आहे ते तिला नळी बघूनच कळलं होतं. तरीही उरलेल्या सगळ्या चाचण्या तिने केल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच आपण चुकावं असं तिला वाटत होतं.

ॲसिनेटोबॅक्टर, इस्पितळांतच घर करणारा, औषधांना न जुमानणारा जंतू. दादाच्याच वॉर्डातल्या तीन रुग्णांच्या जखमांत तो तिला दोन महिन्यांपूर्वी सापडला होता. तेव्हा ती कापसाची काडी घेऊन स्वतः वर गेली होती आणि जखमा बांधायच्या ट्रॉलीची मूठ पुसून आणली होती. मुठीवर तोच निघाला. प्लेट घेऊन ती लॅबच्या साहेबांकडे गेली.

"ट्रॉलीला ताप आलाय का?" साहेब हसले. "काडी फिरवायला कुणी सांगितलं तुम्हाला? उद्या बाहेर कळलं तर वॉर्ड बंद करावा लागेल. तुमच्याच हाताचा असेल तो." त्यांनी कागदावर लिहिलं, 'नमुन्यात बाहेरची भेसळ.'

"सर, हात माझे स्वच्छ होते."

"सही करा."

तिने सही केली. वॉर्डातली नर्स म्हणाली, ट्रॉली धुऊन घेतली. परेडबाईने पुन्हा काडी फिरवून बघितली नाही. कोण तोंडाला लागणार? धुतली असेल, असं तिने स्वतःलाच पटवलं.

आता तिने दादाच्या जंतूवर औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडतो. सकाळी प्लेट उघडली, तर बाराही टिकल्यांना तो चिकटून वाढला होता. एकही गोल नाही. एकच शेवटचं औषध उरलं होतं, आणि ते मूत्रपिंडांच्या मुळावर उठणारं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर वहिनीने तिचा हात धरला. "वन्सं, नाव कळलं म्हणता ना त्याचं?"

"कळलं, वहिनी."

"मग औषध द्या की! नाव कळल्यावर काय उरलं?"

 परेडबाईलाही वाटायचं, नाव कळलं की अर्धी लढाई जिंकली. आयुष्यभर ती तेच सांगत आली होती.

शेवटचं औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. अकराव्या दिवशी दुपारी, वहिनी पाणी आणायला गेली असताना, दादा गेला.

आठवड्याने तिने ट्रॉलीची मूठ परत पुसून आणली. जंतू तिथेच होता. दादाची प्लेट आणि ट्रॉलीची प्लेट तिने साहेबांच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवली. साहेबांनी दोन्ही प्लेट उजेडाला धरून बघितल्या. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण हे दाखवून ते परत येणार आहेत का?" वॉर्ड चार दिवस बंद राहिला, ट्रॉल्या बदलल्या. दारावर चिठ्ठी होती, 'नेहमीच्या देखभालीसाठी'. त्या तीन रुग्णांचं पुढे काय झालं हे विचारायला ती रेकॉर्डच्या खोलीत गेली. दोघे आधीच दगावले होते.

वहिनीपासून तिला लपवता आलं नाही. एका दुपारी स्वयंपाकघरात तिने सगळं सांगितलं. काडी, मूठ, साहेब, सही.

वहिनी भांडी पुसत होती. फडकं तसंच हातात राहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मी दुसरीकडे न्यायचं म्हणत होते. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"वाटलं, धुतली असेल..."

"वाटलं." वहिनी एवढंच म्हणाली आणि परत भांडी पुसायला लागली. परेडबाई निघाली तरी वहिनीने मान वर केली नाही.

पुढच्या सुट्टीला ती परत गेली. भाचीने दार वीतभरच उघडलं. "आत्या, आई झोपलीय."

सकाळचे अकरा वाजले होते. आतून नळाचा आणि भांड्यांचा आवाज येत होता.

"बरं," परेडबाई म्हणाली, आणि जिना उतरली.